माशांची परीक्षा आणि वंशावळीची परीक्षा: आमच्या धर्मशिक्षकांस खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या) सिनेगॉगांचे, म्हणजे प्रार्थनागृहांचे, धर्मशिक्षक, हझान (प्रार्थना चालवणारे) आणि विश्वस्त यांस,

सविनय शालोम.

हे पत्र मी बंद पाकिटात घालून एखाद्या विश्वस्तांच्या हाती देऊ शकलो असतो. ते उघडपणे लिहितो आहे, कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे ती एका सिनेगॉगची किंवा एका शिक्षकाची नाही. आपण सगळेच, आणि त्यात मीही आलो, आपल्या मुलांना धर्म कोणत्या आवाजात सांगतो, हा माझा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका शुक्रवारी, शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या) प्रार्थनेच्या वेळी, सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आला होता. घरी शब्बाथ पाळला जात नाही, वडिलांना वेळ नाही, पण आजी नुकतीच वारली होती आणि तिच्या ट्रंकेत त्याला एक वही सापडली होती. त्या वहीत आजीने शेमा (देव एकच आहे असे सांगणारी मुख्य प्रार्थना), किद्दुश (द्राक्षारसावरचा आशीर्वाद) आणि दोन-तीन गीते बाळबोध अक्षरांत लिहून ठेवलेली होती. मुलगा ती वही समोर धरून, अडखळत, पण मोठ्याने शेमा म्हणू लागला. तेव्हा शिकवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर त्याला थांबवले आणि सांगितले, "वही मिट. आधी इब्रानी अक्षरे शिकून घे, मग ये." मुलाने वही मिटली. प्रार्थना संपेपर्यंत तो मान खाली घालून बसून राहिला आणि नंतर कधी आला नाही. मी त्याच्या मागे दोन बाके सोडून बसलो होतो आणि मी काहीही बोललो नाही.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. इब्रानी अक्षरे शिकली पाहिजेत हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. त्यांनी स्वतः ती मोठ्या कष्टाने, नोकरी सांभाळून, शिकलेली आहेत. पण खरे बोलणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद आपल्या शास्त्यांनी, म्हणजे जुन्या धर्मपंडितांनी, अठराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे. 'पिर्के अवोथ' या वचनसंग्रहात हिल्लेल या प्राचीन गुरूचे वचन आहे: लाजणारा शिकू शकत नाही आणि कपदान शिकवू शकत नाही. 'कपदान' म्हणजे जरा चुकले की तापणारा, काटेकोरपणाने समोरच्याला जाळणारा माणूस. हे वचन आपण वर्गात म्हणून घेतो तेव्हा त्याचा पहिला अर्धाच मुलांना ऐकवतो, 'लाजू नका, विचारा' असे सांगतो. दुसरा अर्धा मुलांसाठी नाहीच. तो आपल्यासाठी आहे.

हिल्लेल आणि त्याच्याच काळचा दुसरा गुरू शम्मई यांची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने सांगितली असेल. एक परका माणूस शम्मईकडे आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा असेपर्यंत मला सगळी तोरा (आपला धर्मग्रंथ) शिकवा, मग मी तुमच्या धर्मात येतो. शम्मईच्या हातात बांधकामाची मोजपट्टी होती, त्या पट्टीने शम्मईने त्याला ढकलून दिले. तोच माणूस हिल्लेलकडे गेला. हिल्लेल म्हणाला, "जे तुला नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस. हीच सगळी तोरा, बाकीचे तिचे विवरण. जा, शीक." आपण इथे थांबतो. पण तालमूद या आपल्या मोठ्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या 'शब्बाथ' या भागात ही गोष्ट पुढे जाते. शम्मईने हाकललेले आणि हिल्लेलने जवळ केलेले असे तिघे जण पुढे एका ठिकाणी भेटले आणि एकमेकांना म्हणाले की शम्मईच्या कडकपणाने आपल्याला या जगातूनच हुसकले असते, हिल्लेलच्या सौम्यपणाने आपल्याला शेखिनाच्या (देवाच्या सान्निध्याच्या) पंखांखाली आणले. या तिघांचे पुढे काय झाले हे तालमूदला सांगावेसे वाटले, ही बाब मला फार मोलाची वाटते. शिक्षकाच्या वागण्याचे मोजमाप त्याच्या विद्वत्तेत न घेता, त्याच्या दारातून आत आलेल्या किंवा परत गेलेल्या माणसाच्या तोंडून घेतले आहे.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील की हिल्लेल सोपा मार्ग सांगणारा होता, आणि सोप्या मार्गाने आपल्यासारखा काही हजारांवर आलेला समाज दोन पिढ्यांत विरघळून जाईल. ही काळजी मला समजते आणि ती मी हलकी मानत नाही. मात्र हिल्लेलविषयीचे हे मत चुकीचे आहे. मिश्नाच्या, म्हणजे तालमूदमधल्या मूळ नियमसंग्रहाच्या, 'एदुयोथ' भागात अशा बाबींची यादीच दिली आहे, ज्यांत शम्मईची शाळा मोकळीक देते आणि हिल्लेलची शाळा कडक राहते. म्हणजे दयाळू असणे आणि सवलत देणे या एकच गोष्टी नाहीत. दोन्ही शाळांचा तीन वर्षे चाललेला वाद आकाशवाणीने मिटवला, तिने दोघांचेही बोलणे जिवंत देवाचेच बोलणे ठरवले आणि आचरण मात्र हिल्लेलच्या शाळेप्रमाणे करावे असे सांगितले, ही कथा तालमूदच्या 'एरुविन' भागात आहे. तिथे कारण विचारले आहे, आणि उत्तरात 'त्यांचे नियम सोपे होते' असा शब्दही नाही. ते मृदू होते, अपमान सोसणारे होते, ते आपल्या मताबरोबर शम्मईच्या शाळेचे मतही शिकवत, एवढेच नव्हे तर ते आधी सांगत, असे उत्तर आहे. नियम काय आहे हा प्रश्न वेगळा आणि तो नियम कोणत्या तोंडाने सांगितला हा प्रश्न वेगळा. आपल्या आचारधर्माचा कौल दुसऱ्या प्रश्नावर लागला, हे मी जितके वाचतो तितके मला थक्क करते.

शम्मईवरही अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. प्रत्येक माणसाला हसतमुखाने सामोरे जा, हे अवोथमधले वचन शम्मईचेच आहे. सुक्कोथच्या (पालवीच्या मांडवाखाली राहण्याच्या सणाच्या) दिवसांत त्याची सून बाळंत झाली, तेव्हा त्या तान्ह्या मुलाचाही नियम चुकू नये म्हणून त्याने खाटेवरचे छत फोडून वर पालवी अंथरली, असे मिश्ना सांगते. त्याने आपल्या घराचे छप्पर फोडले, शेजाऱ्याचे फोडले नाही. आपल्या आज्या-पणज्यांचा कडकपणा याच जातीचा होता. कोकणात घाणा चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आठवड्यातला एक दिवस बैल उभा ठेवणे गरीब घराला किती महाग पडत असेल याचा विचार करावा. दारफाळणीच्या सणाला (योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी) ते दारे लावून घेऊन दिवसभर उपाशी राहत. त्यांच्याकडे सेफर तोरा (हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी) नव्हता, रब्बी (धर्मगुरू) नव्हता, प्रार्थनेची पोथी नव्हती. शेमा, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम एवढ्याच शिदोरीवर त्यांनी शतके काढली. कडकपणा नसता तर आज हे पत्र लिहायला मी नसतो आणि वाचायला आपण नसता. म्हणून कडकपणा सोडा, असे मी म्हणत नाही. तो कोणाच्या अंगावर टाकायचा, एवढेच विचारतो आहे.

आता मला आपल्याच इतिहासातल्या दोन परीक्षांविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे.

पहिली परीक्षा दाविद रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू गुरूंनी घेतली. ते नेमके कोणत्या शतकात कोकणात आले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सारखीच सांगितली जाते. शनिवारी काम न करणारे हे तेली आपल्यातलेच असावेत अशी त्यांना शंका आली. त्यांनी कागद मागितले नाहीत, आजोबा-पणजोबांची नावे विचारली नाहीत. त्यांनी बाजारातून मासे आणवले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे एकत्र, आणि बायकांना रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. रहाबींना एवढे पुरले. त्या बायकांना तोरातल्या लेव्यांच्या पुस्तकाचे नावही ठाऊक नसेल, पण त्यातली आज्ञा त्यांच्या हातात होती. मग रहाबींनी झिराडकर, राजपुरकर आणि शापुरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडले, त्यांना शिकवले, आणि गावोगावच्या धार्मिक विधींची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. हेच आपले पहिले काझी. लोकांना काय येत नाही याची यादी रहाबींनी केली नाही. काय येते ते शोधले आणि त्यावर पुढचे बांधकाम केले. मला विचाराल तर आपल्या समाजातला हा धर्मशिक्षणाचा पहिला तास होता आणि तो स्वयंपाकघरात झाला.

दुसरी परीक्षा १९६० च्या दशकात इस्राएलमध्ये झाली. इथून गेलेल्या आपल्या लोकांच्या लग्नांविषयी शंका उपस्थित झाली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की बेने इस्राएल वधूवरांच्या आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची, शक्य तितक्या मागे जाऊन, चौकशी करावी. या सूचनेमागे निव्वळ तिरस्कार होता असे म्हणणे बरोबर होणार नाही. आपले पूर्वज शतकानुशतके रब्बींवाचून राहिले. अशा काळात एखाद्या बाईची काडीमोड शास्त्राप्रमाणे, म्हणजे 'गेट' देऊन, झाली नसेल आणि तिने दुसरे लग्न केले असेल, तर त्या लग्नाच्या संततीवर आणि तिच्या पुढच्या पिढ्यांवर शास्त्राचे फार कठोर बंधन येते, अशी ती भीती होती. शास्त्राच्या चौकटीत तो प्रश्न खरा आहे. पण ज्यांचे आद्य पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असे परंपरा सांगते, आणि तिथल्या दफनभूमीतल्या ढिगाऱ्यांखाली कोणाकोणाला पुरले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यांनी पाचव्या पिढीतल्या पणजीच्या काडीमोडीचा कागद कुठून आणायचा होता? आपल्या लोकांनी जेरुसलेमच्या रस्त्यांवर निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत असे जाहीर केले, आणि त्यानंतर लवकरच त्या सूचनांमधून आपल्या समाजाचे नाव काढले गेले.

शिक्षकहो, यात मला सर्वांत जास्त बोचते ते हे की त्या अडचणीवरचा उपाय परंपरेतच होता. तालमूदच्या 'किद्दुशिन' भागात म्हटले आहे की जे कुटुंब मिसळून गेले ते मिसळून गेले. म्हणजे जुनी माती उकरू नये. आणि 'एदुयोथ'च्या अखेरीस एलियाहू हा संदेष्टा येईल तेव्हा काय करील यावर चर्चा आहे. कोणाला दूर करील, कोणाला जवळ करील, याची वेगवेगळी मते दिली आहेत. त्यांत रब्बी यहूदा म्हणतात की तो जवळ आणील, दूर करणार नाही, आणि शास्ते शेवटी म्हणतात की तो दूर करायलाही येणार नाही आणि जवळ करायलाही नाही, जगात शांती करायला येईल. हे वाचताना मला दर वेळी आपला मलिद्याचा विधी आठवतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून आपण ज्या एलियाहू हन्नाबीला हाक मारतो, नवस फेडतो, ज्याच्या रथाच्या खुणा आपली माणसे अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर पाहतात, तो हाच एलियाहू आहे. ज्या समाजाने सगळ्या संदेष्ट्यांतून आपल्या घरासाठी हा पाहुणा निवडला, त्याच्या दारात माणसाची झडती होणे शोभत नाही.

आणि आज ती झडती आपण घेऊ लागलो आहोत. ज्यांच्या आजीला कागद मागितले गेले, तेच आज दुसऱ्याच्या आजीच्या वहीला नाक मुरडत आहेत. बाहेरून शिकून आलेले आपले काही तरुण तिथला काटेकोरपणा घेऊन येतात. त्यांचा उत्साह मला आवडतो, त्यांच्यामुळे आपल्याला तोरा नीट स्वरात वाचणारी माणसे मिळाली. पण ते मलिद्याला 'हे खरे ज्यू नाही' म्हणतात, मंगळसूत्र घातलेल्या म्हातारीला हटकतात, मराठीत म्हटलेल्या गीताला हसतात. या गीतांना हसू नये. आपल्याकडे पेसाह सणाची हग्गादा (त्या रात्री वाचायची पोथी) मराठी अर्थासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली माणसे योसेफ आणि मोशे यांच्या कथांवर मराठीत कीर्तने करू लागली. ज्यांनी हे केले ते धर्माला खाली ओढत नव्हते. घरातली बाई आणि शेतातला माणूस जिथे उभा होता तिथपर्यंत ते धर्म घेऊन गेले.

मध्ययुगातले थोर ज्यू धर्मपंडित रब्बी मोशे बेन मैमोन यांनी एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे, की त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता यांपलीकडे काही ठाऊक नाही. हा उल्लेख आपल्याला लाज आणण्यासाठी वापरलेला मी ऐकला आहे. त्याच मैमोनांनी, जिवाच्या भीतीने वरवर इस्लाम कबूल केलेल्या ज्यूंविषयी 'अशांची गुपचूप केलेली प्रार्थनाही पाप आहे' असे कोणी विद्वानाने लिहिल्याचे कळल्यावर, त्याला सडकून उत्तर दिले होते आणि त्या दुर्बळ माणसांची बाजू घेतली होती. नव्याने धर्मात आलेल्या ओबद्याला त्याच्या गुरूने मूर्ख म्हटले, तेव्हा मैमोनांनी त्या गुरूला क्षमा मागायला हवी असे लिहिले. त्यांच्याइतका नियमांचा जाणकार दुसरा झाला नाही, आणि त्यांचा राग मात्र दर वेळी दार लावणाऱ्यावर उतरलेला दिसतो.

चारचौघांत रागावण्याविषयी आपले ग्रंथ जितके कठोर आहेत तितके ते फार थोड्या गोष्टींविषयी आहेत. तालमूदच्या 'बावा मेत्सिया' भागात म्हटले आहे की जो दुसऱ्याचे तोंड लोकांत पांढरे करतो, त्याने जणू रक्त सांडले. त्यावर दुसरा शास्ता म्हणतो, खरे बोललास, आम्ही पाहतोच की लाली जाते आणि पांढरेपणा येतो. त्या शुक्रवारी मी ते डोळ्यांनी पाहिले. शाळेतल्या मुलाला मारायचीच वेळ आली तर बुटाच्या बंदाने मार, असे रब या तालमूदमधल्या गुरूंनी एका शिक्षकाला सांगितले होते; ज्या काळात जगभर छडीशिवाय विद्या नव्हती, त्या काळातले हे सांगणे आहे. आपण आज छडी वापरत नाही, पण आपला शब्द बुटाच्या बंदापेक्षा जड पडतो.

प्राचीन विद्यालयाचे प्रमुख राब्बान गमलिएल यांची कथाही मी या निमित्ताने पुन्हा वाचली. त्यांनी रब्बी यहोशुआ यांना भर सभेत उभे ठेवले आणि स्वतः प्रवचन करीत बसले. लोकांना ते सहन झाले नाही, त्यांनी गमलिएलना पदावरून दूर केले. ज्याचे आत आणि बाहेर सारखे नाही त्याने विद्यालयात पाऊल ठेवू नये असा गमलिएल यांचा नियम होता आणि त्यासाठी दाराशी पहारेकरी बसवला होता. त्या दिवशी तो पहारेकरी उठवण्यात आला आणि विद्यालयात शेकडो बाके वाढवावी लागली. चारशे की सातशे, एवढाच काय तो वाद आहे. त्या दिवसापूर्वी ती सारी माणसे कुठे होती? ती बाहेरच उभी होती.

मुंबईतल्या आपल्या पहिल्या सिनेगॉगचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. टिपूच्या कैदेतून जिवानिशी सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी ते १७९६ मध्ये नवसाने बांधले, असे आपण सांगतो. सुटका झालेल्या कैद्याने बांधलेल्या दाराला दुसरे नाव शोभलेही नसते.

म्हणून आपल्याकडे माझे काही मागणे आहे. सिनेगॉगमध्ये एका फळीवर बाळबोध अक्षरांतली शेमा आणि शुक्रवारची प्रार्थना यांची पुस्तके ठेवावीत, आणि ती घेऊन बसणाऱ्याला कोणी काही विचारू नये. चूक दाखवायची असेल तर प्रार्थना संपल्यावर, बाजूला घेऊन, दाखवावी. नवा माणूस आल्यास त्याच्या आईचे माहेर विचारण्याआधी त्याला बसायला जागा द्यावी. लग्नाच्या वेळी जी चौकशी शास्त्राने करावीच लागते ती लग्नाच्या वेळी, ज्यांचे ते काम आहे त्यांनी, खाजगीत करावी. मुलांच्या वर्गात दर महिन्याला एकदा घरातल्या आजीला बोलवावे आणि तिला जे येते ते तिने तिच्या पद्धतीने सांगावे. तिचा उच्चार चुकत असेल तर चुकू द्यावा. शिक्षकांनी वर्गात आधी दुसऱ्याचे मत सांगावे आणि मग आपले, हिल्लेलच्या शाळेत जसे सांगत. स्वतःवर मात्र हवे तितके कडक राहावे. त्याबाबतीत आपल्यातल्या तरुणांनी आमच्या पिढीला मागे टाकले आहे आणि त्यांच्यापुढे मी मान झुकवतो.

त्या मुलाचा पत्ता मी मिळवला आहे. येत्या शुक्रवारी मी त्याच्या घरी जाणार आहे आणि तो आला तर त्याला सोबत घेऊन येणार आहे. तो वही घेऊन येईल. त्याच्या शेजारी बसून मीही त्याच वहीतून शेमा म्हणेन. माझी आपणांस हात जोडून विनंती आहे की त्या वेळी आम्हाला कोणी थांबवू नये; आणि ज्या गृहस्थांनी त्याला वही मिटायला सांगितले होते त्यांना जमले, तर प्रार्थना संपल्यावर त्यांनी त्याच वहीच्या कोऱ्या पानावर त्याला 'आलेफ', हे पहिले इब्रानी अक्षर, काढून द्यावे.

आपला नम्र,
ठाण्याचा एक बेने इस्राएल